टाकीला नाकच नव्हतं

जीप तशी माझी नाही, वडलांची. 1974 ची पेट्रोल सीजे थ्री बी, इंजिन अजून मूळ हरिकेनच आहे, डिझेल इंजिन टाकायला वडील शेवटपर्यंत नाही म्हणाले आणि आता मी पण नाहीच म्हणतो. ज्यांनी ही जीप चालवलीय त्यांना माहितीय, हिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. म्हणजे चाळीसेक लिटर पेट्रोलवर बूड टेकून घाट चढायचा. लहानपणी त्याचं काही वाटायचं नाही, आता मात्र बसायच्या आधी एकदा खाली वाकून वास घेतल्याशिवाय मी चावी फिरवत नाही, त्याला कारण गेलं वर्ष.

झालं असं की टाकी कुजली. सीटखालच्या खळग्यात पावसाचं पाणी साठतं, खालचा पत्रा गंजतो, मग कपडे धुवायचा साबण चोळा, मग एमसील लावा, असं करत दोन वर्षं ढकलली. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडं जुनी टाकी नेऊन दिली आणि म्हटलं हीच बघून सेम टू सेम नवीन करून द्या. त्यांनी केली पण झकास, वेल्डिंग एकदम देखणं. जुन्या टाकीला तोंडाच्या नळीशेजारी एक बारीक नळी होती पण ती आधीच्या कुठल्या तरी मिस्त्रीनं चेपून पितळेची झाळ मारून बंद केलेली, त्यामुळं यांना वाटलं हिचं काही काम नाही, नव्या टाकीला काढलीच नाही. आणि मी त्याच्यावर कडी केली. जुनं झाकण सैल झालेलं, गावाकडं दोनदा पेट्रोल चोरीला गेलेलं, म्हणून चावीवालं चकचकीत झाकण आणलं, आत जाड रबरी वायसर, एकदम घट्ट. जुन्या झाकणात मधे एक छोटा व्हॉल्व होता हे मला नंतर कळलं, तोपर्यंत ते भंगारात गेलेलं.

पहिली कुरबुर पंपावर. गन लावली की अर्ध्या लिटरला खट. परत दाबली की खट. वर टाकी गुळण्या केल्यासारखी आवाज करायची आणि पेट्रोलचा फेस तोंडातून उसळून पोराच्या हातावर. तो वैतागून म्हणाला "काका, टाकी फुल हाय की!" आणि काटा पावावर. मी त्यालाच शिकवत बसलो की गन खराब असेल. गनमध्ये काही खराबी नव्हती. तिच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, पेट्रोल वाहत असताना त्यातून हवा आत ओढली जाते, ते भोक पेट्रोलनं झाकलं की आत खेच तयार होते आणि खटका पडतो. आता टाकीत एक लिटर पेट्रोल जायचं तर एक लिटर हवा बाहेर यायला पाहिजे, आणि माझ्या टाकीत हवेला बाहेर यायला रस्ता एकच, ज्या नळीतून पेट्रोल येतंय तीच. लोकलच्या दारात चढणारे आणि उतरणारे एकदम भिडतात तसं. फेस वर, भोक झाकलं, खट.

तरी मी दुर्लक्ष केलं. दहा मिनिटं उभं राहून हळूहळू भरून घ्यायचो, मागची लाइन शिव्या घालायची.

मग एकदा कणकवलीहून परत येताना तिथंच टाकी फुल केली आणि फोंडा घाटानं वर निघालो. अर्ध्या घाटात जीप आचके द्यायला लागली आणि बंद. दुपारी दोनचं ऊन. सोबत आमचे मिस्त्री होते, ते लगेच म्हणाले "व्हेपर लॉक हाय मालक, दुसरं काय न्हाई." जुन्या गाडीवाल्यांना हे काही नवीन नाही, पेट्रोल पंप तापतो, लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो. उपाय पण ठरलेला, पंपावर ओलं फडकं. टाकलं, पंधरा मिनिटं थांबलो, चालू झाली! मिस्त्रींनी माझ्याकडं बघून मिशीला ताव मारला. दीड किलोमीटर गेलो आणि परत बंद. परत फडकं, परत पंधरा मिनिटं, परत चालू, परत बंद. तीनदा झाल्यावर मला वाटलं पेट्रोल तरी आहे का नीट, बघू काठी घालून, म्हणून झाकणाला चावी लावली आणि फिरवलं.

फुस्स्स असा आवाज आला तो थांबेचना. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. आणि मग सीटखालून टण्ण! चेपलेला डबा बोटानं दाबून सरळ करताना येतो तसा, फक्त फार मोठा. मिस्त्री दोन पावलं मागं गेले. टाकी आतल्या आत ओढून पत्रा आत गेलेला आणि हवा मिळाल्यावर तो परत बाहेर आला. म्हणजे इंजिन पेट्रोल ओढत होतं, त्याच्या जागी हवा जात नव्हती, आत पोकळी वाढत होती, आणि जीपचा तो छोटा पडद्याचा पंप बिचारा किती ताकदीनं ओढणार. पंधरा मिनिटं थांबलं की झाकणाच्या फटीतून थोडी थोडी हवा शिरायची म्हणून गाडी परत चालू व्हायची, आणि आम्हाला वाटायचं फडक्याचा गुण आला. टाकी भरलेली असताना हे जास्त होतं कारण आत हवाच कमी, थोडं पेट्रोल गेलं तरी खेच मोठी. दाजीपूरपर्यंत झाकण सैल ठेवून, वर फडकं बांधून आलो.

घरी आल्यावर मिस्त्रींनी झाकणाला दीड एमएमचं भोक पाडलं. "आता घेईल श्वास." आणि खरंच घाटात बंद पडायची थांबली, महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो दोन मिनिटांचं काम होतं म्हणून. पण हवा आत जाते त्या भोकातून पेट्रोल पण बाहेर येतं हे कोण बघणार. आपल्याकडं टाकी उजव्या सीटखाली, झाकण उजव्या बाजूला, त्यामुळं डावीकडं वळलं की सगळं पेट्रोल उजवीकडं उसळतं, बरोब्बर झाकणावर. राधानगरी रोडला एक बुलेटवाला शेजारी येऊन ओरडायला लागला, मला वाटलं जीप आवडली म्हणून हात हलवतोय, मी पण हलवला. तो म्हणत होता पेट्रोल सांडतंय. मागच्या चाकापर्यंत ओला पट्टा. झाकणाखालचा रंग फुगून त्याच्या पापड्या निघाल्या त्या वेगळ्याच.

आणि वास. तो मात्र खरा प्रश्न झाला. जीप घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये असते, शेजारी बाथरूम, बाथरूममध्ये गॅसचा गिझर. एकदा संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत फुल करून आणली आणि लावली. पंपाच्या जमिनीतल्या टाकीतलं पेट्रोल गार असतं, दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रा तापला, पेट्रोल फुगलं. गणित सोपं आहे, दर अंशाला हजारात एक भाग धरा, चाळीस लिटर आणि वीस अंश म्हणजे पाऊण लिटर. त्याला जागाच नाही, मग ते भोकातून बाहेर, खाली फरशीवर. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, दाराखालच्या फटीतून आत येते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीनं पेट घेते. बायकोनं गिझर लावायला हात वर केला आणि वासानं थांबली, खिडकी उघडली, बाहेर आली आणि फक्त एवढंच म्हणाली, "अहो, आज रात्री एक तर ती जीप शेडात नाही, नाहीतर मी घरात नाही." जीप तीन महिने समोरच्या मोकळ्या प्लॉटवर चिंचेखाली होती.

तेव्हा मग डोकं लावून वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की मी एका भोकाकडून चार कामं करून घ्यायला बघत होतो. भरताना हवा पटकन बाहेर जायला पाहिजे. चालवताना हवा आत यायला पाहिजे. उन्हात वाफ बाहेर जायला पाहिजे पण घरात नाही. आणि गाडी कशीही तिरकी झाली, उलटी झाली तरी पेट्रोल बाहेर येता कामा नये. हे एका भोकाला जमत नाही. अमेरिकेत 1971 पासून नव्या गाड्यांना टाकीची वाफ अडवायची सोय सक्तीची झाली होती, माझी 1974 ची पण आपल्याकडं तेव्हा तसलं काही नव्हतं, झाकणाला व्हॉल्व हीच चैन.

टाकी परत काढली. इथं एक गोष्ट नीट सांगतो कारण लोक हे हसण्यावारी नेतात. पेट्रोलची रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा डेंजर असते, आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. मी सोड्याच्या पावडरनं तीनदा विसळली, दोन दिवस उन्हात उपडी ठेवली, तरी नाक लावलं की वास. उद्यमनगरात दुसऱ्या एका वयस्कर झाळकाम करणाऱ्या काकांकडं नेली, त्यांनी आधी वास घेतला आणि मग शांतपणे नळीनं टाकी पाण्यानं भरायला लावली. जिथं झाळ मारायची तिथं वर फक्त बोटभर जागा सोडली, बाकी पाणीच पाणी. "मोकळ्या जागंत वाफ ऱ्हाते बाबा, जागाच न्हाई ठिवली तर कुठं ऱ्हाईल." भोकं पण हातानं, हळू, ड्रिलला तेल लावून. झाळ मारताना टाकीतून चहाच्या आधणासारखा आवाज येत होता आणि मी रस्त्याच्या पलीकडं उभा होतो, काका म्हणाले एवढं लांब कशाला, पण मी नाही आलो.

तीन नळ्या काढल्या. एक बारा एमएमची, ती भरण्यासाठी. ही तोंडाच्या नळीला वर, झाकणाच्या अगदी खाली जोडली, म्हणजे पेट्रोल जाड नळीतून खाली आणि हवा या नळीतून वर. गंमत म्हणजे हिचं टाकीतलं टोक छताला टेकवायचं नाही, दीड-पावणेदोन सेंटीमीटर खाली सोडायचं. माझी टाकी आडवी पसरट आहे, तिथं एका सेंटीमीटरला दोन लिटर बसतात. पेट्रोल या टोकापर्यंत आलं की हवेचा रस्ता बंद, पेट्रोल नळीत चढतं, गन खट करते, आणि वर तीनेक लिटरची जागा आपोआप मोकळी राहते, उन्हात फुगायला. अर्थात पोरानं खट झाल्यावर परत राउंड फिगरसाठी थेंब थेंब घातलं तर ती जागा पण भरते, म्हणून मी आता पहिल्या खटला गन काढा म्हणतो, 1847 रुपये तर 1847 रुपये.

बाकी दोन नळ्या सहा एमएमच्या, श्वासासाठी, टाकीच्या समोरासमोरच्या वरच्या कोपऱ्यांत. एक का नाही? कारण गाडी तिरकी झाली की एक कोपरा पेट्रोलखाली जातो, दुसरा वरच राहतो. दोन्ही टी लावून एकत्र केल्या आणि पुढची नळी सीटमागच्या लोखंडी कमानीला बांधून वर नेली, झाकणाच्या पातळीपेक्षा चांगली हातभर वर, आणि तिथं एक उलटण्याचा व्हॉल्व. त्यात एक गोळी असते, गाडी उलटली की गोळी वजनानं पडून तोंड बंद करते. भंगारात एका अपघाती गाडीचा ऐंशी रुपयांना मिळाला. तिथंच उभा राहून तोंडानं फुंकून बघितला, सरळ धरला की फुंकर जाते, उलटा धरला की बंद. दुकानदाराला वाटलं मी पिपाणी घेतोय.

नळ्या आधी मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या आणल्या होत्या, आतलं दिसावं म्हणून. तीन आठवड्यांत पिवळ्या आणि कडक, वाकवली की कट्ट. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, साधी रबर फुगते नाहीतर चिरते. फ्युएलसाठीचीच नळी घ्या, मीटरला शंभर रुपये वाचवून काय करणार.

मग कोळशाचा डबा. कॅनिस्टर म्हणतात, काळा प्लॅस्टिकचा, बरणीएवढा, आत ॲक्टिव्हेटेड कार्बन. मुलगा म्हणाला फिश टँकचा कोळसा भरून घरीच करू, केला पण प्रयत्न पीव्हीसी पाइपात, दोन दिवसांत कोळशाची पूड नळीत. गुपचूप भंगारातून आणला. त्याला तीन तोंडं असतात, एक टाकीकडून, एक इंजिनकडं, एक मोकळ्या हवेला. टाकीतली वाफ कोळशात अडकते, इंजिन चालू झालं की मोकळ्या तोंडातून हवा ओढली जाते आणि कोळशातली वाफ इंजिनात जाऊन जळते. बसवला बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या उलट्या अंगाला.

डब्याचं इंजिनकडचं तोंड मी पहिल्यांदा थेट मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या वाटेला जोडलं आणि जीप आयडलला, म्हणजे नुसती चालू ठेवून उभी असताना, अशी हालायला लागली की समोरचा बंपर दिसायचा बंद झाला. साहजिक आहे, आयडलला मॅनिफोल्डची खेच खूप जास्त आणि मी तिथं हवेचं भोकच पाडलेलं. नव्या गाडीत हे उघडझाप करायला वेगळा व्हॉल्व असतो. मी ते काढून एअर क्लीनरच्या नळीला जोडलं. खेच कमी मिळते पण गाडी रस्त्यावर असताना पुरते. मधे एकतर्फी व्हॉल्व टाकला, कार्बोरेटर कधीतरी मागं फटका मारतो, त्याची ज्वाळा कोळशाकडं जायला नको.

झाकण परत तेच चावीवालं पण नवीन, बिनभोकाचं. जुनं भोकवालं मिस्त्रींना दिलं, ते थोडे नाराज झाले.

जूनमध्ये पहिल्यांदा पंपावर गेलो तेव्हा तोच पोरगा. गन लावली, एकसारखी धार, एकोणतीस लिटरला एकच खट. त्यानं वाकून तोंडात बघितलं आणि म्हणाला "काका, गाडी बदलली?" शेडमध्ये लावून रात्री दार बंद करून तासाभरानं गेलो, वास नाही. बायकोनं स्वतः दोन रात्री जाऊन बघितलं मग गिझर लावला.

पुढं पावसाळा, जीप ताडपत्रीखाली. ऑक्टोबरमध्ये काढली, पन्हाळ्याला निघालो, वाघबीळच्या चढाला आचके आणि बंद. माझ्या पोटात गोळाच आला. मिस्त्री फडकं भिजवायला निघाले, मी आधी झाकण उघडलं. फुस्स. टण्ण.

एक एक नळी सोडून फुंकत बसलो रस्त्याच्या कडेला. टाकी ते व्हॉल्व मोकळं, व्हॉल्व ते डबा मोकळं. डब्याच्या मोकळ्या तोंडाची नळी चॅसीखाली सोडलेली, टाकीत हवा येते ती याच वाटेनं, आणि तिच्या टोकाला मातीचं बूच. एकदम गुळगुळीत, कुणीतरी बोटानं लिंपल्यासारखं. तारेनं खरवडलं तर आत मातीचा कप्पा, आणि त्यात ओळीनं कोंबलेले बारके कोळी, पाय मुडपलेले, मेलेले नाहीत, नुसते बधिर. कुंभारीण माशी. घराच्या खिडकीत करते तसं तिनं माझ्या नळीत घर केलेलं, पोरांसाठी शिधा भरून. नंतर वाचलं की 2014 मध्ये अमेरिकेत माझदानं याच नळीपायी 42,000 गाड्या परत बोलावल्या होत्या, तिथं कुंभारीण नव्हती, पेट्रोलच्या वासाला भुलणारा एक पिवळा कोळी आत जाळं विणत होता. माझ्याकडं कोळी डबाबंद होऊन आला एवढाच फरक.

टोकाला आता चहाच्या गाळणीची पितळी जाळी कापून क्लिपनं आवळलीय आणि नळीचं तोंड बॉनेटखाली कोरड्या जागी वर वळवून परत खाली सोडलंय, म्हणजे रस्त्यावरचं पाणी शिरणार नाही. महिन्यातून एकदा फुंकून बघतो. एअर क्लीनरची खेच कमी पडते हे मात्र अजून आहेच, आठवडाभर उभी राहिली आणि टाकी फुल असली तर डब्याजवळ किंचित वास येतो, त्यासाठी भंगारात नव्या गाडीतला तो उघडझापीचा एक चांगला व्हॉल्व बघून ठेवलाय, चारशे म्हणतोय, अडीचशेला देईल.